नरवानरांना मराठी नावं द्या: मराठी भाषा मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, मराठी भाषा विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: वानर, माकडे व त्यांच्या गणातील इतर प्राण्यांची, शास्त्रीय नावांशी जोडलेली अधिकृत मराठी नामसूची तयार करण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी पुण्यात राहते आणि अनुवादाचं काम करते. अभयारण्यांतले माहितीफलक, निसर्गकेंद्रांच्या पुस्तिका, शाळकरी मुलांसाठीची पत्रकं असा मजकूर इंग्रजीतून मराठीत आणणं हा माझा व्यवसाय. प्राण्यांची नावं आली की या कामात दरवेळी घोडं अडतं. फुलपाखरांच्या बाबतीत राज्य जैवविविधता मंडळाने ही अडचण दूर केली. २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेल्या ब्लू मॉरमॉनला आज 'नीलवंत' म्हणता येतं, ते त्या कामामुळे. पक्ष्यांच्या नावांसाठी राज्यभरच्या पक्षिमित्रांनी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. पण माणूस ज्या गणात मोडतो, ज्याला मराठी विश्वकोश 'नरवानर गण' म्हणतो, त्यातल्या प्राण्यांसाठी हाताशी धरावी अशी अधिकृत यादी मला आजवर मिळालेली नाही. ती व्हावी म्हणून हे पत्र.

आपल्या घाटातल्या माकडापासूनच सुरुवात करते. वरंधा घाटात गाडी थांबली की कठड्यावर जे माकड येऊन बसतं, त्याच्या डोक्याकडे नीट पाहावं. टाळूवरचे केस मधल्या एका बिंदूपासून चहूबाजूंना पसरलेले असतात, टोपी घातल्यासारखे. या किरणांसारख्या केसांवरूनच त्याचं शास्त्रीय नाव पडलं, मकाका रेडिएटा. शेपटी चांगली लांब असते. हे माकड फक्त भारताच्या दक्षिण भागातलं, जगात इतरत्र कुठल्याही जंगलात ते नाही. उत्तर भारतातलं माकड वेगळं. ते मकाका मुलाटा, म्हणजे ऱ्हीसस. त्याची शेपटी आखूड, डोक्यावर टोपी नाही आणि कंबरेखालचा भाग तांबूस-नारिंगी. या दोघांच्या मुलखांची हद्द आपल्याच राज्यातून, साधारण तापी-गोदावरीच्या पट्ट्यातून जाते. ती हद्द आता सरकते आहे. ऱ्हीसस दक्षिणेकडे पसरतंय आणि टोपीवाल्या माकडाला मागे रेटतंय, हे भारतीय संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिलं. धोक्यातल्या प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या जागतिक लाल यादीत आज टोपीवालं माकड धोक्यात असलेल्या प्रजातींमध्ये गणलं जातं, ऱ्हीससची मात्र चिंता नाही.

मराठीत आपण दोघांनाही 'लाल तोंडाचं माकड' म्हणतो. नांदेडच्या शेतकऱ्याने 'माकडांनी हरभरा खाल्ला' असं लिहून दिलं, तर त्या कागदावरून कुठलं माकड ते कुणालाच सांगता येणार नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा ऱ्हीसस अनुसूचीतून वगळलं गेलं, टोपीवालं माकड मात्र अनुसूचीत आहे. एकाला कायद्याचं संरक्षण आहे, दुसऱ्याला नाही, आणि आपल्या राज्यभाषेत दोघांचं नाव एक! वनरक्षक मराठीत पंचनामा करतो, गावकरी मराठीत तक्रार करतो, वार्ताहर मराठीत बातमी देतो. एक प्रजाती दुसरीची जागा घेत असताना ते टिपण्याची सर्वांत मोठी यंत्रणा खरं तर हीच माणसं आहेत, आणि त्यांच्या हातात आपण शब्द दिलेला नाही.

वानरांचंही तेच. वानर आणि माकड ही दोन निराळी जनावरं आहेत हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. काळं तोंड, लांबलचक शेपूट, कळपाचा हुप्प्या हे सगळं आपल्या तोंडी आहे. मात्र शास्त्र तिथेच थांबलेलं नाही. भारतभरचं वानर ही एकच प्रजाती, सेम्नोपिथेकस एंटेलस, असं फार काळ मानलं जाई. पुढे तिचे भाग पडले. किती प्रजाती मानायच्या यावर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत, तरी सात-आठपर्यंत संख्या धरली जाते. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे एके काळचे संचालक रूनवाल यांनी वानरांच्या शेपटीच्या ठेवणीचा बारकाईने अभ्यास केला होता. उत्तरेकडचं वानर चालताना शेपटी पाठीवरून पुढे, डोक्याच्या दिशेने वळवतं, दक्षिणेकडचं ती मागच्या बाजूला झुकवून धरतं. हा फरक शाळकरी पोरालाही लांबून दिसतो. या दोन वानरांना दोन नावं मिळाली तर तो पोरगा दुसऱ्या दिवशी वहीत नोंद करील.

हे काम कसं करता येतं याचा नमुना म्हणून आता लात्व्हियाकडे वळते. बाल्टिक समुद्रकाठचा हा देश. त्याची अख्खी लोकसंख्या १९ लाखांच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे महापालिकेच्या हद्दीत ३१ लाखांवर माणसं होती आणि मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. लात्व्हियाच्या जंगलात एकही माकड नाही. तिथल्या मुलाला माकड पाहायचं तर रिगा शहरातल्या, १९१२ साली सुरू झालेल्या प्राणिसंग्रहालयात जावं लागतं. तरीही लात्व्हियन भाषेत या गणाची वर्गवारी वरपासून खालपर्यंत देशी शब्दांत लावलेली आहे. माकड म्हणजे पेर्तिक्यिस. गोरिला-चिंपँझींचा गट म्हणजे त्सिल्वेकपेर्तिक्यी, शब्दशः 'माणूस-माकडं'. लेमूर आणि लोरिस ज्या उपगणात येतात त्याचं नाव 'ओल्या नाकाचे', बाकीच्यांच्या उपगणाचं 'कोरड्या नाकाचे'. पुढे आफ्रिका-आशियातली माकडं 'अरुंद नाकाची' आणि अमेरिका खंडातली 'रुंद नाकाची'.

नाकावरून प्राण्यांची वाटणी कशाला, असं वाटेल. पण यात अर्थ आहे. लेमूर आणि लोरिसचं नाक कुत्र्याच्या नाकासारखं ओलसर असतं, ते वासावर जास्त विसंबतात आणि स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करू शकतात. टार्सिअर (आग्नेय आशियातला छोटा, मोठ्या डोळ्यांचा प्राणी), माकडं, एप (गोरिला-चिंपँझींसारखे बिनशेपटीचे) आणि माणूस यांचं नाक कोरडं, आणि ही क्षमता त्यांनी गमावलेली आहे. आपल्याला आवळा, पेरू, लिंबू खावं लागतं त्यामागे हीच वंशपरंपरा आहे. मराठी मुलाच्या पुस्तकात आज या दोन उपगणांची नावं आली तर ती स्ट्रेप्सिऱ्हिनी आणि हॅप्लोऱ्हिनी अशी येतील आणि मूल ती पाठ करून परीक्षेनंतर विसरून जाईल. 'ओलनाके' आणि 'कोरडनाके' असे शब्द दिले तर ते लगेच स्वतःच्या नाकाला हात लावून पाहील. हे दोन शब्द मी सुचवते आहे. तज्ज्ञांना याहून चांगले सुचले तर मला आनंदच होईल.

लात्व्हियात ही शिस्त आपोआप आलेली नाही. त्यांच्या विज्ञान अकादमीची परिभाषा समिती आहे, आणि १९९९ च्या राज्यभाषा कायद्यानुसार तिने मान्य करून प्रसिद्ध केलेल्या संज्ञाच सरकारी व्यवहारात वापरायच्या असतात. आपल्याकडे भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत आणि ते मी रोज वापरते, त्यामागचे कष्टही जाणते. पण कोश एकदा छापला की वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि प्राण्यांचं वर्गीकरण दर काही वर्षांनी बदलतं. २०१७ मध्ये हुलॉक गिबन या झाडांवर राहणाऱ्या एपची, २०२० मध्ये म्यानमारच्या पोपा वानराची नवी प्रजाती जाहीर झाली. जगात या गणाच्या प्रजाती पाचशेवर गेल्या आहेत. शास्त्रीय नावांसाठी आंतरराष्ट्रीय नियमसंहिता आहे, देशी भाषांतल्या नावांसाठी कुठलीही नाही. ती जबाबदारी ज्याच्या त्याच्या भाषेची.

नावं पुण्यात बसून घडवावीत असं मात्र मला मुळीच वाटत नाही. आधी ती गोळा करावीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंबा-नारळाची नासधूस करणाऱ्या लाल तोंडाच्या माकडाला लोक केलडं म्हणतात, आणि तिथलं केलडं म्हणजे रेडिएटाच. इतका नेमका शब्द कोकणाने जपून ठेवला असताना आपण इंग्रजी 'बॉनेट मकाक'चा शब्दशः अनुवाद करत बसलो तर ते करंटेपणाचं होईल. गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्यांकडेही त्यांच्या रानातल्या प्राण्यांसाठी शब्द असणारच. मारुती चितमपल्लींनी वन खात्याची नोकरी करता करता आदिवासींकडून, वाटाड्यांकडून असे शब्द आयुष्यभर टिपले. ते आता आपल्यात नाहीत. एकट्या माणसाने केलेलं ते काम आता शासनाने आपलं मानून पुढे न्यावं.

लोकांचं नाव शास्त्रात किती वर जाऊ शकतं याचा दाखला आपल्याच देशात आहे. अरुणाचल प्रदेशातल्या तवांग-पश्चिम कामेंग भागातल्या माकडाची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली ती २००५ मध्ये. अनिंद्य सिन्हा, अपराजिता दत्ता, एम. डी. मधुसूदन आणि चारुदत्त मिश्रा या भारतीय संशोधकांनी तिला नाव दिलं मकाका मुंझाला. मुंझाला हा तिथल्या मोनपा लोकांचा शब्द, अर्थ 'घनदाट रानातलं माकड'. आज जगभरच्या शोधनिबंधांत तो शब्द छापला जातो.

शेजारच्या भाषा यात पुढे आहेत, हे मला फलकांवर काम करताना फार जाणवतं. रात्री फिरणारा, वाटोळ्या डोळ्यांचा, काटकुळ्या हातापायांचा लोरिस तमिळमध्ये 'तेवांगु' आहे, कन्नडमध्ये 'काडु पापा', म्हणजे रानातलं बाळ. तमिळनाडूने २०२२ मध्ये कडवूर इथे त्याच्यासाठी खास अभयारण्य जाहीर केलं, तेव्हा लोकांना प्राणी माहीत होता आणि नावही. माझ्या हातून झालेल्या मराठी फलकावर 'स्लेंडर लोरिस' एवढंच छापलं गेलं. दुसरा सर्वमान्य शब्द कुणी दिला नाही, आणि मनाने एखादा घालायचा मला अधिकार नव्हता.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्याने मराठी भाषा धोरण मंजूर केलं. त्या धोरणाखाली सुरू करता येईल असं हे काम आहे, आणि त्याला लागणारी सगळी माणसं पुण्याच्या आसपासच आहेत. आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, सेनापती बापट रस्त्यावर बालभारती, वाईला विश्वकोश. वन विभाग, जैवविविधता मंडळ आणि बोलींचे अभ्यासक त्यांच्यासोबत बसले तर भारतात आढळणाऱ्या, पंचविसाच्या आसपास असलेल्या नरवानर प्रजातींची यादी एका वर्षात होऊ शकते. प्रत्येक नावापुढे शास्त्रीय नाव, बोलीतली नावं आणि ती कुठल्या तालुक्यात बोलली जातात ते असावं. जिथे नाव नाही तिथेच नवं घडवावं. यादी कुणालाही फुकट उतरवून घेता यावी, आणि वर्गीकरण बदलेल तशी ती दरवर्षी सुधारली जावी. त्यानंतर जगातल्या इतर प्रजाती घेता येतील.

माझी विनंती आहे की आपण वन मंत्र्यांशी बोलून या कामासाठी कायमस्वरूपी समिती नेमावी आणि तिचं कार्यालय पुण्यात ठेवावं. समितीच्या पहिल्या बैठकीत निदान एक निर्णय व्हावा: पीक नुकसानभरपाईच्या अर्जावर आणि पंचनाम्याच्या नमुन्यात 'माकड' या एका शब्दाऐवजी केलडं (टोपीवालं माकड), ऱ्हीसस आणि वानर असे तीन वेगळे रकाने असावेत, शेजारी प्रत्येकाचं छोटं चित्र असावं. मजकुराचं काम मी विनामोबदला करून द्यायला तयार आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक मराठी अनुवादक, पुणे