सिस्टर, आपण तिचे दुखणे खरे मानलेत

आदरणीय सिस्टर,

सविनय नमस्कार.

आपले किंवा आपल्या रुग्णालयाचे नाव कुठे येऊ नये, अशी आपली इच्छा होती. ती मी पाळतो आहे. तरीही हे आभार खासगी न ठेवता सर्वांसमोर मानावेत असे मला वाटले, कारण ज्यांचे पोट रोज दुखते आणि ज्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात अशी मुले मराठी घरांतही पुष्कळ आहेत, आणि आपण आम्हाला जे समजावून सांगितलेत ते त्यांच्या आईवडिलांपर्यंत पोहोचायला हवे.

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना तिचे पोट दुखू लागले. सकाळी उठल्याबरोबर बेंबीभोवती कळ यायची, शौचाला जाऊन आल्यावर थोडा वेळ बरे वाटायचे आणि शाळेची बस येईपर्यंत पुन्हा तेच सुरू व्हायचे. कधी तीन-तीन दिवस पोट साफ होत नसे, तर कधी एकाच सकाळी चार वेळा जावे लागे. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सिलिएक आजाराची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते का याची, चाचणी झाली, आतड्याला सूज आहे का हे पाहण्यासाठी शौचाची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली आणि अखेर एंडोस्कोपीही झाली. कशातच काही सापडले नाही. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, असे निदान झाले; तपासण्यांत काही न दिसताही पोट दुखत राहते आणि शौचाचे चक्र बिघडते, असा हा आजार. औषधे झाली, पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल झाल्या, सहा आठवडे आमच्या स्वयंपाकघरातून कांदा, लसूण, गहू आणि कडधान्ये हद्दपार झाली. थोडा उतार पडायचा, पण टिकायचा नाही. मग एका डॉक्टरांनी तिच्यादेखत मला विचारले की ही शाळा तर टाळत नाही ना. त्या दिवसापासून ती दुखले तरी सांगेनाशी झाली. मीही एकदोनदा तिच्याकडे संशयाने पाहिले होते, हे लिहिल्यावाचून हे पत्र प्रामाणिक होणार नाही.

अशा अवस्थेत आम्ही आपल्या विभागात आलो. माझी आई तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती आणि तीही सोबत होती. तिचे बोलणे ऐकून आपण मराठीत विचारलेत, "आजी, कुठल्या तुम्ही?" आपण मिरजेच्या निघालात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या त्या थंड खोलीत दोन मिनिटे सांगली-मिरजेच्या गप्पा झाल्या आणि मग आपण खुर्ची ओढून थेट मुलीसमोर बसलात. आपण तिला म्हणालात, "तुझं पोट खरंच दुखतं. तू ते मनानं रचत नाहीस. रिपोर्टमध्ये दिसत नाही, कारण हे रिपोर्ट दुखणं मोजतच नाहीत." दोन वर्षांत तिला असे कोणी सांगितले नव्हते. आम्ही समजूत घातली होती, पण सोनारानेच कान टोचावेत असे म्हणतात, ते मला त्या दिवशी पटले.

त्यानंतर आपण जे समजावलेत ते मी जसे लक्षात ठेवले आहे तसे लिहितो. आतड्यातला वायू किंवा मळ पुढे सरकताना आतड्याची भिंत ताणली जाते. बहुतेकांना ते जाणवतही नाही, पण आयबीएस असलेल्या अनेकांना तोच ताण कळ म्हणून जाणवतो. आतड्यात छोटा फुगा फुगवून हा फरक दाखवणारा अभ्यास १९७३ सालीच प्रसिद्ध झाला होता. म्हणजे बिघाड केवळ आतड्यात नसून आतडे आणि मेंदू यांच्यामध्ये चालणाऱ्या संदेशांत आहे. हे संदेश नेणाऱ्या मोठ्या वाटांपैकी एक म्हणजे व्हेगस मज्जातंतू. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी ही दहावी जोडी मानेतून, छातीतून थेट पोटापर्यंत उतरते, आणि तिच्यातले बहुतांश तंतू मेंदूकडून हुकूम आणत नाहीत, तर पोटाकडची खबर वर नेतात. हे ऐकून माझी मुलगी पहिल्यांदा पुढे सरकून बसली.

मग आपण कानावर बसवायच्या एका छोट्या यंत्राचा उपचार सुचवलात. या व्हेगसची एक लहानशी शाखा बाहेरच्या कानाच्या त्वचेपर्यंत येते, आणि पाचव्या, सातव्या व नवव्या जोडीच्या शाखाही तिथे पोहोचतात. त्यामुळे कानाला दिलेले विजेचे अगदी सौम्य स्पंद मेंदूच्या बुंध्यापर्यंत जाऊ शकतात. उंदरांवरील प्रयोगांत अशा स्पंदांनी मेंदूच्या ज्या भागात भीती आणि वेदना एकमेकींत मिसळतात तिथल्या आणि मज्जारज्जूतल्या पेशींची खळबळ कमी झालेली दिसली आहे. पोटाचा उपचार कानावर का, या माझ्या आईच्या प्रश्नाला आपण दिलेले हे उत्तर ती आजही शेजारणींना सांगते.

मी आपला सर्वांत जास्त ऋणी आहे तो पुढच्या दहा मिनिटांसाठी. आपण आम्हाला आशा विकली नाहीत, आकडे दिलेत. आमच्याच राज्यात, मिल्वॉकीच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. कात्या कोवासिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटदुखीच्या, ११ ते १८ वर्षांच्या ११५ मुलांवर या उपचाराची चाचणी केली आणि ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. निम्म्या मुलांना खरे यंत्र लावले होते आणि उरलेल्यांना तसेच दिसणारे, पण वीज न सोडणारे. त्यांपैकी आयबीएस असलेल्या ५० मुलांच्या माहितीवरून औषधे आणि वैद्यकीय यंत्रे तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने जून २०१९ मध्ये 'आयबी-स्टिम' या नावाने याच यंत्राला परवानगी दिली. तीन आठवड्यांनंतर खरे यंत्र लावलेल्यांपैकी ५२ टक्के मुलांचे नेहमीचे दुखणे निदान ३० टक्क्यांनी कमी झाले होते. खोटे यंत्र लावलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. हे सांगून आपण म्हणालात, "म्हणजे साधारण निम्म्या मुलांना फारसा फरक पडत नाही, आणि हा अभ्यास लहान आहे. हे कळूनही करायचं असेल तर करू या." ज्या आईवडिलांनी दोन वर्षे प्रत्येक नव्या उपायावर आंधळेपणाने विश्वास टाकला होता, त्यांना अशा सरळ बोलण्याचा केवढा आधार वाटतो, याची आपल्याला कदाचित कल्पना नसेल.

आमच्या विमा कंपनीने हा उपचार 'प्रायोगिक' ठरवून पहिल्यांदा नाकारला. आपली ड्युटी संपल्यावर दोन संध्याकाळी थांबून आपण तिच्या शाळेतील गैरहजेरीची नोंद, झालेल्या औषधांची यादी आणि डॉक्टरांचे पत्र असे सगळे कागद लावून दिलेत. दुसऱ्या अर्जाला मंजुरी मिळाली. हे आपल्या कामाच्या यादीत नव्हते.

यंत्र लावण्याच्या दिवशी ती सुयांना घाबरून थरथरत होती. आपण घाई केली नाहीत. आधी एक वापरून झालेले, सुया काढलेले यंत्र तिच्या हातात दिलेत; कानामागे बसणाऱ्या श्रवणयंत्राएवढे ते असते. मग कानामागे प्रकाश धरून रक्तवाहिन्या कुठे आहेत ते पाहिलेत, त्या टाळून पेनाने खुणा केल्यात आणि जेमतेम दोन मिलिमीटरच्या सुया असलेली चार टोके एकेक करून बसवलीत. प्रत्येक टोकाआधी "आता" असे सांगून, ती मान हलवेपर्यंत थांबलात. यंत्र दोन तास चालते, दोन तास थांबते आणि असे पाच दिवस सुरू राहते. मग ते काढून टाकायचे आणि पुढच्या आठवड्यात नवे लावायचे. तिला तीन वेळा लावले. त्या दिवसांत डोक्यावरून अंघोळ नाही, पोहणे नाही, आणि चिकटपट्टीने कानामागची त्वचा थोडी लाल झाली, एवढाच त्रास झाला.

पहिल्या आठवड्यात काहीच बदल झाला नाही. गुरुवारी रात्री ती रडली आणि मीही मनातून खचलो. आपण फोनवर इतकेच म्हणालात की वही लिहीत राहा. रोज रात्री दुखण्याला दहापैकी गुण, शाळेत गेले की नाही आणि झोप कशी लागली, एवढेच त्या वहीत लिहायचे होते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सातच्या जागी पाच दिसू लागले, तिसऱ्या आठवड्यात तीन आणि चार. त्यानंतर महिनाभराने मी वही उघडली तेव्हा शेवटची नऊ पाने कोरी होती. मी विचारले तर ती म्हणाली, "बाबा, विसरलेच."

आज चार महिने झाले आहेत. तिचे पोट अजूनही आठवड्यातून एखाद्या दिवशी दुखते, परीक्षेच्या आदल्या दिवशी हमखास दुखते. परंतु पूर्वी महिन्याला आठ-दहा दिवस शाळा बुडायची, ती आता एखादा दिवस बुडते. यात त्या यंत्राचा वाटा किती आणि आपण शिकवलेल्या पोटाने श्वास घेण्याचा, ठरलेल्या वेळी शौचाला बसण्याचा व समुपदेशकांकडच्या भेटींचा वाटा किती, हे मला वेगळे काढता येणार नाही, आणि तसा दावा करणे आपल्यालाही आवडणार नाही. तिचे दुखणे खरे मानले गेल्याचाही त्यात वाटा आहे, असे मला मनापासून वाटते.

हे पत्र वाचणाऱ्या पालकांसाठी आपण बजावून सांगितलेली गोष्टही इथे लिहितो. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, ताप येत असेल किंवा दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल, तर आयबीएस म्हणून सोडून न देता आधी पूर्ण तपासणी करून घ्यावी. ज्यांना पेसमेकर आहे किंवा हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, आहे, त्यांना हे यंत्र लावत नाहीत. ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, प्रशिक्षित माणसाच्या हातूनच लावायचे असते; इंटरनेटवर मिळणाऱ्या, कानाला चिमटा लावायच्या यंत्रांना हे आकडे लागू नाहीत.

माझी आई आता सांगलीला परतली आहे. आपण सुट्टीत मिरजेला याल तेव्हा एक दिवस तिच्याकडे जेवायला जावे, असा तिचा आग्रहाचा निरोप आहे. माझ्या मुलीने आपल्यासाठी स्वतः मराठीत एक चिठ्ठी लिहिली आहे. तिच्या शुद्धलेखनाला मी हात लावलेला नाही. ती वेगळी पाठवतो आहे.

आपला ऋणी,
एका मुलीचे वडील