सूचना : ब्लेंडेड कोर्सवाल्यांनी प्रमोशनची फाईल आत्ताच भरायला घ्या

मंडळी, परत एकदा आठवण करून देतोय, ऑनलाईन नि ब्लेंडेड (थोडं वर्गात, थोडं ऑनलाईन) कोर्स चालवणाऱ्यांनी आपल्या कामाचे पुरावे वेळेत गोळा करा, कारण रिसर्च पेपर छापला की त्यावर नाव-तारीख असते पण मूडलवर (ऑनलाईन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) रात्र रात्र बसून बांधलेल्या कोर्सचं तसं नसतं, तो सर्व्हरवरून उडाला की हातात काहीच उरत नाही. कोर्सचा बॅकअप घ्या, एमबीझेड फाईल येते ती, आणि विद्यार्थ्यांचा डेटा वगळूनच घ्या हं, नावं-मार्क बाहेर जायला नकोत. क्विझमध्ये काय बदललं, का बदललं ते दोन ओळींत लिहा. नुसते व्हिडिओ चढवले म्हणजे ब्लेंडेड झालं असं होत नाही, त्यामुळे वर्गातला वेळ कशाला वापरला तेही दाखवा. फाईली शुक्रवारपर्यंत ग्रुपच्या फोल्डरमध्ये टाका.