फायरवॉल बंद करायला न सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानले, पण घाईघाईत. शिवाय अशाच अलर्टनी हैराण झालेल्या इतरांच्याही उपयोगी पडावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

बाबा बँकेचं काम करायला बसले की नेमकी फायरवॉलची, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या जोडण्यांवर पहारा ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची, सूचना समोर यायची. कधी 'अमुक प्रोग्रॅमला परवानगी द्यायची का?', तर कधी 'बाहेरून आलेली जोडणी अडवली'. ते धास्तावून कॉम्प्युटरच बंद करायचे. ज्याला विचारावं त्याचं उत्तर ठरलेलं: फायरवॉल बंद करून टाका, कटकट मिटेल. तुम्ही ते सांगितलं नाहीत, उलट आधी लॉग, म्हणजे फायरवॉलने ठेवलेली नोंदवही, उघडायला लावलात. प्रोग्रॅम कोणता, जोडणी आतून बाहेर जातेय की बाहेरून आत येतेय, समोरचा पत्ता कोणता आणि पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, कोणतं, एवढं बघा म्हणालात.

तसं बघितल्यावर ढीगभर नोंदी एकाच पत्त्याच्या निघाल्या, सुरुवात १९२.१६८. "हा तुमच्या घरातलाच आहे," तुम्ही लगेच म्हणालात. हे आकडे खासगी नेटवर्कसाठीच राखून ठेवलेले असतात, हे मला तेव्हा कळलं. राउटरमधल्या यादीत शोधलं, तर तो आमचा प्रिंटर! ५३५३ पोर्टवरून तो घरातल्या सगळ्या यंत्रांना आपण चालू असल्याचं कळवत होता. घरचं नेटवर्क कॉम्प्युटरमध्ये 'सार्वजनिक' म्हणून नोंदलेलं होतं, त्यामुळे घरातली यंत्रंही त्याला परकी वाटत होती. ते 'खासगी' केलं आणि त्या सूचना थांबल्या.

बाहेरच्या नोंदींनी बाबांची झोप उडवली होती. २३, ४४५, ३३८९ या पोर्टवर सतत कुणी ना कुणी येऊन जात होतं, आणि आपल्याच खात्यावर कुणाचा तरी डोळा आहे असं त्यांनी धरलं होतं. गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी हलवून पुढे जाणाऱ्याला घर कुणाचं हे ठाऊक नसतं, तसंच हे, असं तुम्ही त्यांना समजावलंत. इंटरनेटवरच्या यंत्रांचे जुन्या पद्धतीचे पत्ते, म्हणजे आयपी पत्ते, सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. २०१३ मध्येच मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन वापरून ते पाऊण तासाच्या आत चाळता येतात हे दाखवून दिलं होतं. बाबांना धीर आला तो या आकड्याने.

पण तुम्ही तिथेच थांबला नाहीत, याचं मला फार मोल वाटतं. राउटरच्या मागे बसलेल्या कॉम्प्युटरपर्यंत हे सगळं पोचतंच कसं, असा प्रश्न तुम्हालाच पडला. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएमझेड नावाची सोय चालू सापडली. बाहेरून येणारं सगळं थेट आमच्या कॉम्प्युटरवर सोडलं जात होतं, आणि मध्ये उभी होती ती फक्त फायरवॉल. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला तो ४४५ याच पोर्टवरून. लोकांचं ऐकून फायरवॉल बंद केली असती तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मनातून जात नाही. डीएमझेड बंद केल्यावर लॉग जवळजवळ रिकामा झाला.

राहिले प्रोग्रॅम. एसव्हीसीहोस्ट हे नाव वारंवार दिसायचं. नावावर जाऊ नका, टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रॅमच्या यादीत) उजवं क्लिक करून फाइल कुठे आहे ते बघा, असं तुम्ही शिकवलंत. ती विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम३२ या फोल्डरमध्येच होती, म्हणजे खरी होती. एक दुसरा प्रोग्रॅम मात्र तात्पुरत्या फाइलींच्या टेम्प फोल्डरमधून चालताना सापडला, बनवणाऱ्याची ओळख पटवणारी डिजिटल सही नसलेला. तो आधी ब्लॉक करून, मग पूर्ण स्कॅन करून काढून टाकला.

हे सगळं दुरून ताबा घेऊन तुम्ही स्वतः झटपट उरकू शकला असतात. तरीही माउस बाबांच्याच हातात ठेवलात आणि फोनवर धीराने सांगत राहिलात. शेवटी त्यांना एक बजावलंत: खरी फायरवॉल कधीच फोन नंबर देत नाही. परवा ब्राउझरमध्ये लाल पडदा, भोंगा आणि 'ताबडतोब या नंबरवर फोन करा' असं काहीतरी आलं. बाबांनी फोनला हात लावला नाही. टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद केला आणि मग मला हाक मारली. हे ताईंना आवर्जून कळव, असं त्यांनी सांगितलंय.

तुमची मनापासून आभारी,
आणि बाबांचा नमस्कार