दोन प्रश्नांत पेय ओळखणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

सिसिलीतील पोत्झाल्लोहून माल्टाला जाणाऱ्या बोटीत प्यायलेल्या एका कडसर पेयाचे नाव मी विसरले, चव मात्र विसरता आली नाही. तेव्हापासून रेंगाळलेला माझा शोध आपण दोन प्रश्नांत संपवलात, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र.

बोट इटलीच्या बंदरातून सुटली, म्हणून पेयही इटलीचेच असणार अशी माझी पक्की समजूत होती. मी तसेच सांगत सुटल्यामुळे प्रत्येकाने किनॉत्तो सुचवले आणि तेच पुन्हा पुन्हा मागवून मी हिरमुसली होत राहिले. आपण मात्र काहीही सुचवण्याआधी विचारलेत, ‘‘रंग कसा होता? आणि कडूपणा जिभेला आधी लागला की मागाहून?’’

रंग मधासारखा तांबूस आणि कडूपणा गोडव्याच्या मागाहून, असे मी म्हणताच आपण एकेक नाव बाद करत गेलात. इटलीतल्या साव्होना परिसरातल्या इवल्याशा कडू फळावरून नाव पडलेले किनॉत्तो कोलासारखे काळपट असते. बिटर लेमन फिकट, गढूळ दिसते आणि त्याचा कडूपणा क्विनीनचा असतो. उरली ती ‘किनी’: कडू संत्री आणि दवण्याच्या कुळातील वर्मवुडसारख्या वनस्पतींचे अर्क घालून माल्टात १९५२ पासून तयार होणारी. बोट जिथून निघाली तिथले नव्हे, तर जिथे चालली होती तिथले ते पेय होते! एवढी साधी गोष्ट मला एकदाही सुचू नये, याचे अजून हसू येते.

नाव सांगून आपण थांबला असतात तरी मी ऋणी राहिले असते. पण माल्टाहून येणाऱ्या भाचीकरवी आपण चार कॅन आणवलेत. त्यांतला प्रवासात चेपलेला स्वतःकडे ठेवून धड तीन मला दिलेत, हे मला मागाहून तिच्याकडून कळले.

पहिला कॅन त्याच रात्री उघडला. भरपूर बर्फ, वर संत्र्याची एक चकती. आधी गोडवा, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा सालीचा तो कडूपणा. बोटीत लागला होता, अगदी तसाच.

दुसराही संपला, हे कबूल करते. तिसरा मात्र आपल्यासाठी फ्रिजमध्ये राखून ठेवला आहे. येण्याआधी तेवढा एक फोन करावा, म्हणजे संत्री ताजी आणता येतील.

आपली कृतज्ञ,
बोटीतली प्रवासी