काच लावायची, मग एसी वाढवायचा

महोदय,

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या नागपुरात पश्चिमेकडे सलग काच लावून कार्यालये बांधायची आणि मग एसीची क्षमता वाढवत बसायचे, हे कोणाच्या डोक्यातून येते? आत पडदे ओढून भरदुपारी दिवे लावलेले असतात, ते वेगळेच. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांच्या जाड भिंती आणि खोल व्हरांडे पाहायला फार लांब जावे लागत नाही.

खरा घोळ संस्थांच्या कारभारात आहे. एसी खरेदी करते एक खाते, बिल भरते दुसरे. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. ते यंत्र पुढची दहा वर्षे किती युनिट खाणार, हा प्रश्न फाइलवर येतच नाही. सोलर पॅनेलच्या उद्घाटनाला फीत कापता येते. गच्चीला पांढरा रंग दिला, खिडक्यांच्या फटी बुजवल्या, तर फोटो कोण काढणार?

एसीचे तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच असावेत, असा नियमही आहे. पण साहेबांच्या केबिनमध्ये रिमोट १८ वरच!

महापालिकेने आपल्या प्रत्येक इमारतीचा दरमहा वीजवापर, दर चौरस फुटामागे किती युनिट, हे प्रवेशद्वाराशी फलकावर लावावे. खासगी कंपन्यांना नंतर सांगता येईल.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर