गळती जुनी नव्हती : नाकारलेल्या गृहविमा दाव्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, दावे व ग्राहक तक्रार विभाग

विषय : बेसिनखालची जोडनळी तुटून झालेल्या नुकसानीचा दावा 'दीर्घकालीन गळती' ठरवून नाकारल्याबद्दल

महोदय,

दावा नाकारल्याचे आपले पत्र परवा मिळाले. त्यातले कारण एका वाक्याचे आहे : 'भिंतीवरील बुरशी पाहता गळती दीर्घकाळापासून सुरू असल्याचे दिसते, सबब दावा देय नाही.' हे वाक्य खरे नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. नऊ वर्षे मी एकही हप्ता न चुकवता ही पॉलिसी चालू ठेवली आहे आणि दावा आयुष्यात पहिल्यांदाच केला आहे.

त्या रात्री आम्ही घरी नव्हतो. पहाटे चारच्या सुमाराला खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा फोन आला, की छतातून पाण्याची धार लागली आहे. त्यांनीच वर जाऊन आमच्या घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. साडेपाचला आम्ही दार उघडले तेव्हा घोट्याएवढे पाणी होते. आतल्या खोलीतल्या लाकडी फ्लोअरिंगच्या पट्ट्या कडांनी वर उचलल्या होत्या. वडिलांनी सुट्टीच्या दिवशी बसून स्वतः केलेले पुस्तकांचे कपाट होते, त्याच्या खालच्या फळीतल्या प्लायचे थर वहीच्या पानांसारखे सुटे झाले होते. बेसिनखाली हात घातला तर जोडनळी मोकळी लोंबत होती आणि तिच्या टोकाचा पितळी नट मधोमध तुटलेला होता.

सकाळी आठला मी आपल्या मदत क्रमांकावर फोन केला. मला सांगण्यात आले की फोटो काढून ठेवा, पण सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत काहीही हलवू नका, टाकू नका, दुरुस्ती करू नका. मी ते अक्षरशः पाळले. पाणी तेवढे उपसले. भिजलेला गालिचा, फुगलेले ड्रॉवर, भिंतीला टेकलेले कपाट, सगळे जागच्या जागी ठेवले. तिसऱ्या दिवशी घरात कुबट वास येऊ लागला, तेव्हा मी ई-मेल करून विचारले की निदान कपाट भिंतीपासून बाजूला करून पंखे लावू का. उत्तर आले, 'सर्व्हेअरची नेमणूक प्रक्रियेत आहे.' माझ्या प्रश्नाला 'हो' नाही, 'नाही' नाही. सर्व्हेअर आले अकराव्या दिवशी.

माझी मुख्य तक्रार या अकरा दिवसांबद्दल आहे. ओल्या प्लॅस्टरवर किंवा लाकडावर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात आणि हवा खेळत नसेल तर ती पुढे झपाट्याने पसरते. पाणी शिरल्यावर आधी सगळे वाळवा, असे या कामातला कोणीही सांगतो ते याचसाठी. माझ्याकडे वेळेच्या नोंदीसह फोटो आहेत. पहिल्या सकाळी कपाटामागची भिंत ओली आहे, पण तिच्यावर एक डागही नाही. चौथ्या दिवशी कोपऱ्यात मोहरीएवढे काळे ठिपके दिसतात. अकराव्या दिवशी तोच डाग दोन वितींचा झालेला आहे. सर्व्हेअरनी पाहिला तो हा अकराव्या दिवसाचा डाग, आणि त्यावरून ते पहिल्या दिवसाबद्दल निष्कर्ष काढून गेले. आपल्या सूचनेमुळे आणि आपल्या विलंबामुळे वाढलेली बुरशी आज माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाते आहे. हे मला अतिशय लागले आहे.

पॉलिसीतच असेही लिहिले आहे की नुकसान वाढू नये यासाठी विमाधारकाने वाजवी काळजी घ्यावी. ती घ्यायला मी परवानगी मागत होते. एकीकडे हात लावू नका म्हणायचे आणि दुसरीकडे नुकसान वाढल्याचा दोष माझ्यावर यायचा, अशा पेचात ग्राहकाने करायचे काय?

सर्व्हेअर घरात पंचवीस मिनिटे होते. भिंतीला ओलावा मोजायचे यंत्र त्यांनी लावले नाही. तुटलेला नट मी त्यांच्यापुढे धरला, तर 'तो ठेवा तुमच्याकडे' म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले. तो नट मी पिशवीत बंद करून ठेवला आहे. महिनोन्‌महिने ठिबकणाऱ्या पितळी जोडावर पांढरट-हिरवट थर धरतो, आट्यांमध्ये क्षार साठतात. या नटावर तसे काहीही नाही. तुटलेली कड पिवळीधमक, चकचकीत आहे आणि चीर एका बाजूने दुसरीकडे सरळ गेलेली आहे. आमच्या प्लंबरने तो पाहताक्षणी सांगितले की हा एका झटक्यात गेलाय. प्लंबरचे म्हणणे आपल्याला पुरेसे वाटत नसेल तर नट धातू-तपासणीच्या प्रयोगशाळेत पाठवा. माझी पूर्ण तयारी आहे, फक्त पाठवताना पंचनामा करून तो सीलबंद करावा.

आणखी दोन गोष्टी आहेत, त्या कोणी विचारल्याच नाहीत. खालच्या शेजाऱ्यांनी दोनच महिन्यांपूर्वी छताला रंग दिला होता. वरून बरेच दिवस पाणी झिरपत असते तर त्या नव्या रंगावर पिवळे वेढे उमटले असते, पोपडे धरले असते. आदल्या संध्याकाळपर्यंत छत कोरडे होते, असे त्यांनी सहीनिशी लिहून दिले आहे. दुसरी गोष्ट पाण्याच्या मीटरची. गेल्या सहा बिलांमधला आमचा वापर जवळपास एकसारखा आहे आणि फक्त या घटनेच्या बिलात तो एकदम चढला आहे. जुनी गळती असती तर ती त्या सहा बिलांत दिसायला नको का? दोन्ही कागद या पत्राला जोडले आहेत.

माझ्या पॉलिसीत पाण्याच्या टाक्या, उपकरणे आणि नळ फुटून होणारे नुकसान स्पष्टपणे समाविष्ट आहे. झीज आणि हळूहळू होणारे झिरपणे वगळलेले आहे, हेही मला मान्य आहे. पण वगळणारे कलम लावायचे असेल तर ते इथे लागू होते हे दाखवून देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येते, आणि त्यासाठी बुरशीचा एक फोटो पुरत नाही.

पत्राच्या शेवटी आपण असेही म्हटले आहे की दावा देय असता तरी विमा रक्कम अपुरी असल्याने भरपाई त्या प्रमाणात कापली गेली असती. हा नियम मला माहीत आहे : विमा ८० टक्के किमतीचाच घेतला असेल तर भरपाईही ८० टक्केच. मात्र आपण तुलना केली आहे ती घराच्या बाजारभावाशी. बाजारभावात जमिनीची किंमत येते, आणि जमीन नळ फुटून वाहून जात नाही. माझी विमा रक्कम पॉलिसीत लिहिल्याप्रमाणे पुनर्बांधणीच्या खर्चावर धरलेली आहे. तो हिशेब कृपया पुन्हा करावा. फ्लोअरिंगवर लावलेल्या घसाऱ्याबद्दल मी वेगळे लिहीन, कारण सर्व्हेअरनी ते किती जुने धरले हेच मला कळवलेले नाही.

माझी मागणी अशी आहे की सर्व्हे अहवालाची संपूर्ण प्रत मला द्यावी, फेरतपासणीसाठी दुसरा सर्व्हेअर नेमावा आणि नटाची तपासणी करून घ्यावी. मदत क्रमांकावरच्या माझ्या पहिल्या फोनचे रेकॉर्डिंग जपून ठेवावे. 'हलवू नका' ही सूचना कोणी दिली यावर उद्या वाद नको. एवढे करूनही नकारच कायम राहणार असेल तर तो कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या पुराव्यावर, हे लेखी कळवावे. १५ दिवसांत उत्तर आले नाही तर मी हीच कागदपत्रे घेऊन विमा लोकपालांकडे जाईन. तशी वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

भिंत वाळवायचे काम मी आता सुरू केले आहे, आपल्या परवानगीची वाट न पाहता. रोजचे फोटो काढते आहे. कपाट मात्र अजून टाकलेले नाही. खालची फळी बदलून ते उभे राहील असे सुतार म्हणतो, पण नव्या सर्व्हेअरनी पाहिल्याशिवाय मी त्याला हात लावू देणार नाही. त्यांना यायचे असेल तर आदल्या दिवशी फोन करावा. नट दाखवायला मी स्वतः घरी थांबेन.

आपली,
पॉलिसीधारक

सोबत : तारखांसह फोटो, ई-मेलच्या प्रती, शेजाऱ्यांचे निवेदन, पाण्याची सात बिले