बिनसाखरेच्या कपात नेमके काय असते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कमी कर्बोदकांच्या आहाराविषयीचा लेख वाचला. भात, पोळी, बटाटा आणि फळे यांविषयी त्यात नीट, मोजूनमापून लिहिले आहे. परंतु साखरेऐवजी शुगर-फ्री वापरावे आणि कॉफीत लोणी घालून ती मिक्सरमधून फिरवावी, एवढ्या एका वाक्यात चहा-कॉफीचा विषय उरकला आहे. ज्या घरात दिवसातून चार वेळा चहाचे आधण चढते, त्या घरात हा आहार टिकतो की मोडतो हे ताटाइतकेच कपावर अवलंबून असते, असा माझा अनुभव आहे. त्या एका वाक्यातील दोन्ही सल्ल्यांनी आमच्या घरी त्रास झाला, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

माझ्या यजमानांना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेले आठ महिने ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिवसाला ५० ग्रॅमच्या आत कर्बोदके ठेवतात. सुरुवातीला औषधाच्या दुकानातून गोड गोळ्यांची डबी आणली आणि साखर टाकावी तशी मी गोळी आधणातच टाकत गेले. आले ठेचून घातले, चहापूड घातली, दूध घातले, दोन-तीन उकळ्या येऊ दिल्या, आणि चहा अगोडच. मग दोन गोळ्या झाल्या, मग तीन. डबी फिरवून बारीक अक्षरे वाचली तेव्हा अ‍ॅस्पार्टेम हे नाव दिसले. १९६५ मध्ये सापडलेला हा पदार्थ साखरेच्या सुमारे २०० पट गोड असतो, पण बराच वेळ उकळला की त्याचे विघटन होते आणि गोडी निघून जाते. गरम पाण्यात पुडी बुडवून चहा पिणाऱ्यांना याचा फरक पडत नाही, आपला चहा मात्र उकळल्याशिवाय चहाच होत नाही. म्हणून ही गोळी चहा गाळल्यावर कपातच टाकली पाहिजे. आधणात घालायचेच असेल तर सुक्रालोज किंवा स्टीव्हियाचा अर्क घ्यावा. चहाच्या उकळीला ते टिकतात. एवढे एक वाक्य लेखात असते तर कितीतरी घरांतल्या गोळ्या वाया गेल्या नसत्या.

पर्याय निवडताना चवीचाही विचार करावा लागतो. स्टीव्हिया मूळची पॅराग्वेकडची वनस्पती. तिच्या पानांतील गोड द्रव्यांना आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये परवानगी दिली. तिची गोडी जिभेवर उशिरा येते आणि मागे किंचित कडसर चव ठेवून जाते. कॉफीच्या कडवटपणात ती लपते, आले-वेलचीच्या चहातही खपून जाते, पण साध्या फिक्या चहात खटकते. एरिथ्रिटॉल दिसायला थेट साखरेसारखे, गोडी साखरेच्या साधारण ६० ते ७० टक्के. नुसते जिभेवर ठेवले तर गार लागते, गरम पेयात ते जाणवत नाही. मात्र एकदम जास्त घेतले तर पोट फुगते, जुलाबही होतात. आमच्या घरी कॉफीला स्टीव्हियाचे थेंब आणि चहाला सुक्रालोजचे थेंब हे गणित बसले आहे. दुसऱ्यांचे वेगळे बसेल.

थेंब म्हणण्याला कारण आहे, आणि या पत्रातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असते. म्हणजे एका चमचा साखरेची गोडी आणायला त्याचे जेमतेम ८ मिलिग्रॅम पुरतात, जे चिमटीतसुद्धा धरता येणार नाहीत. मग पुडीत जी एक ग्रॅम पांढरी पूड असते ती कशाची? बहुतेक वेळा माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज किंवा लॅक्टोज यांची. यांपैकी डेक्स्ट्रोज म्हणजे तर प्रत्यक्ष ग्लुकोज, आणि माल्टोडेक्स्ट्रिन हे पिष्टापासून केलेले असे द्रव्य आहे की ते रक्तातील साखर नेहमीच्या साखरेइतकीच, किंबहुना अधिक वेगाने वाढवते. एका पुडीने काही बिघडत नाही. पण चार कप आणि कपाला दोन पुड्या असा हिशेब केला तर दिवसाला सुमारे ८ ग्रॅम कर्बोदके नकळत पोटात जातात, आणि ५० ग्रॅमच्या मर्यादेत ८ ग्रॅम म्हणजे थोडे नव्हेत. वेष्टनावर ‘साखरमुक्त’ लिहिण्यासाठी १०० ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक नसावी एवढाच नियम आहे. माल्टोडेक्स्ट्रिनची गणना बव्हंशी साखरेत होतच नाही, त्यामुळे दावा नियमात बसतो आणि रुग्ण फसतो. म्हणून वेष्टनाचा पुढचा भाग न वाचता मागचा वाचावा, आणि तिथेही ‘साखर’ ही ओळ न पाहता ‘एकूण कर्बोदके’ ही ओळ पाहावी. भिंग घेऊन बसावे लागले तरी चालेल, मी बसते.

गुळाविषयी लिहिताना मन जड होते, कारण आम्ही सातारा-कोल्हापूर पट्ट्यातली माणसे, उसाच्या फडात आणि गुऱ्हाळावर वाढलेली. पण गल्लोगल्ली निघालेल्या गुळाच्या चहाच्या दुकानांवर ‘मधुमेहींना चालतो’ अशा अर्थाच्या पाट्या दिसतात, त्या सरळसरळ दिशाभूल करतात. गुळात मुख्यतः सुक्रोजच असते, म्हणजे जे साखरेत असते तेच. खनिजे थोडी अधिक, पण चहाच्या कपातल्या गुळातून ती किती मिळणार? मध, खजुराची पूड आणि नारळाची साखर यांनाही हेच लागू आहे. हे पदार्थ वाईट नव्हेत, फक्त ते साखरेला पर्याय नव्हेत.

आता दुधाकडे येते, कारण साखर सोडली की आपण निश्चिंत होतो आणि दूध कोणी मोजत नाही. १०० मिलिलिटर दुधात, गाईचे असो की म्हशीचे, सुमारे ५ ग्रॅम दुग्धशर्करा असते. आमच्याकडे दूध जास्त आणि पाणी कमी असा घट्ट चहा होत असे. तसे चार कप म्हणजे एकही दाणा साखर न घालता २० ग्रॅम कर्बोदके होतात, दिवसाच्या मर्यादेतला जवळजवळ निम्मा वाटा. त्यावर उपाय घरातच सापडला. दूध तापवून गार केल्यावर वर जी जाड साय येते तिच्यात स्निग्धांश भरपूर आणि दुग्धशर्करा बेताची असते. कोऱ्या चहात किंवा कॉफीत दोन चमचे साय घालून ती नीट घुसळली की दुधाचा दाटपणा येतो आणि कर्बोदके फारच थोडी जातात.

मुख्य काम घुसळण्याचेच आहे. गरम कॉफीत तूप किंवा लोणी नुसते टाकले तर वर तेलकट तवंग येतो आणि पहिल्याच घोटाला ओठ माखतात. जोरात घुसळले की त्या स्निग्धांशाचे बारीक बारीक थेंब होऊन पाण्यात पसरतात. सायीतल्या थेंबांभोवती दुधातील प्रथिनांचे आवरण असते, म्हणून ते बराच वेळ एकमेकांपासून वेगळे राहतात. तुपात ते आवरण उरलेले नसते, त्यामुळे तुपाची कॉफी थोड्याच वेळात फाटल्यासारखी दिसू लागते. तूप घालायचेच असेल तर सोबत चमचाभर साय घालावी. लडाखमध्ये लोणी आणि मीठ घातलेला गुरगुर चहा उंच लाकडी नळकांड्यात घुसळतात आणि त्यात साखर नसतेच. अलीकडे समाजमाध्यमांवर गाजलेली लोण्याची कॉफी ही त्या हिमालयातल्या चहावरूनच सुचलेली आहे. मात्र दोन मोठे चमचे लोणी म्हणजे २०० उष्मांक आणि तेही बहुतांशी संपृक्त स्निग्धांशाचे, हे लक्षात ठेवले पाहिजे. ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे रोज घेऊ नये, आणि घेतलेच तर ती न्याहारीच्या ऐवजी आहे, न्याहारीसोबत नाही, हेही समजून घ्यावे.

दुसरा त्रास झाला तो इथे. चित्रफितीत दाखवले होते तसे मी चुलीवरून उतरवलेली कॉफी मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात ओतली, झाकण घट्ट बसवले आणि बटण फिरवले. क्षणात झाकण उडाले, ओट्यामागच्या फरश्यांवर कॉफीचा फवारा गेला आणि माझे उजवे मनगट पोळले. नळाच्या पाण्याखाली वीस मिनिटे हात धरला म्हणून थोडक्यात निभावले, तरी डाग अजून आहे. कारण साधे आहे: कडकडीत द्रव एकदम घुसळला की वाफ वेगाने सुटते, भांड्यात कोंडलेली हवाही तापून फुगते आणि दोघींना बाहेर पडायला वाट नसते. चटणीच्या भांड्याच्या झाकणाला मध्ये भोक नसते, म्हणून त्यात गरम पदार्थ कधीही फिरवू नये. मोठे भांडे घ्यावे, पेय पाच मिनिटे निवू द्यावे, भांडे एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, झाकणातली मधली टोपी काढून त्यावर घडी केलेला जाड नॅपकिन धरावा आणि सर्वांत कमी वेगापासून सुरुवात करावी. मी मात्र आता मिक्सर वापरतच नाही. ताकाची लाकडी रवी आणि उभट पातेले पुरते. उघड्या भांड्यात वाफ कोंडत नाही, मिनिटभर दोन्ही तळव्यांत रवी फिरवली की पांढरा फेस वर येतो, आणि हे काम यजमान स्वतः आवडीने करतात.

गोड पर्यायांविषयीच्या भीतीबद्दलही दोन शब्द लिहिते, कारण २०२३ मध्ये एकापाठोपाठ एक बातम्या आल्या आणि लोक गोंधळले. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षी मे महिन्यात वजन कमी करण्यासाठी हे पदार्थ वापरू नयेत असे सुचवले, पण ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती शिफारस लागू नाही असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. बहुतेक मथळ्यांत हा भाग गळला. जुलैमध्ये अ‍ॅस्पार्टेमला कर्करोगास कदाचित कारणीभूत ठरू शकणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले गेले, तरी दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही मर्यादा तशीच ठेवण्यात आली. ६० किलोच्या माणसाला ही मर्यादा २,४०० मिलिग्रॅम होते, तर चहाच्या एका गोळीत साधारण २० मिलिग्रॅमच्या आसपास अ‍ॅस्पार्टेम असते. फिनाइलकिटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना मात्र ते पूर्ण वर्ज्य आहे. रक्तातील एरिथ्रिटॉलचे वाढलेले प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध त्याच वर्षी एका अमेरिकी अभ्यासात दिसला. शरीर स्वतःही हा पदार्थ तयार करते, त्यामुळे दोष खाल्लेल्या एरिथ्रिटॉलचाच हे त्यातून सिद्ध होत नाही, परंतु ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी ते चमच्या-चमच्याने वापरू नये, असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र भीतीने नव्हे, तर काळजीने सांगावीशी वाटते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना कर्बोदके एकदम कमी केली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा वेळी घाम फुटतो, हातपाय थरथरतात आणि घरचे घाईघाईने गोड चहा करून देतात. तो चहा शुगर-फ्रीचा असेल तर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. म्हणून ज्या घरात साखरेचा डबा पार हलवला आहे, त्या घरातही ग्लुकोजची पूड हाताशी असलीच पाहिजे, आणि ती कुठे आहे हे सर्वांना ठाऊक असले पाहिजे.

आपणास विनंती एवढीच, की यापुढे पुरवणीत अशा पेयाची कृती छापताना गोडीसाठी कोणता पदार्थ घ्यायचा, तो उकळीत घालायचा की कपात, आणि एका कपात दुधासकट किती कर्बोदके होतात, हे कृतीखाली द्यावे. आणि मिक्सरचा उल्लेख असेल तर झाकणाची सूचना त्याच चौकटीत, त्याच टंकात छापावी.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
सातारा